दुरून डोंगर साजरे, पण मुक्काम किती दिवसांचा?

मैत्रिणींनो, परगावच्या लग्नाचं बोलावणं आलं की आपल्या घरात पहिला प्रश्न कोणता निघतो? कोणती साडी नेसायची, हा नव्हे. आहेर काय करायचा, हाही नव्हे. पहिला प्रश्न म्हणजे ‘किती दिवस?’ हळदीला पोचायचं की थेट मुहूर्तावर? परतताना मावशीकडे एक रात्र टाकायची की नाही? मग आपण बोटं मोडायला लागतो. दुधवाला, मोलकरीण, सासूबाईंची औषधं, मुलांच्या परीक्षा. या सगळ्यातून जे दिवस उरतील, ते आपले!

लग्नाचं ठीक आहे हो. पण अर्ध्या जगाचा प्रवास करून जायचं असेल, तर दिवसांचा हिशेब या टोकाकडून मांडून चालत नाही. हे मला पैसे मोजून आणि त्याहून जास्त म्हणजे जीव मुठीत धरून शिकावं लागलं. तेच आज तुम्हांला सांगणार आहे. आजकाल मुलं परदेशी असतात, निवृत्तीनंतर नवराबायको दूरदूर फिरायला जातात. उद्या ही वेळ तुमच्यावरही येईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचं काय चुकलं?

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. (‘तिथे पेरू मिळतात का गं?’ असं आमच्या सासूबाईंनी विचारलंच!) त्या देशात अँडीज पर्वतात कुस्को हे शहर आहे. पूर्वी ही इंका राजांची राजधानी होती. इंकांनी पंधराव्या शतकात डोंगरमाथ्यावर बांधलेलं माचू पिच्चू बघायला जगभरातून माणसं येतात, ती या कुस्कोमार्गेच. ह्यांना शाळेत असल्यापासून त्या माचू पिच्चूचं वेड. बँकेतून निवृत्त झाल्यावर म्हणाले, “आता नाही तर कधी?” आणि आम्ही निघालो.

प्रवासाच्या दोन आखण्या आमच्यापुढे होत्या. एकीत डोंगरात सहा रात्री, दुसरीत चार. चार रात्रींची निवडली ती मीच. “दोन दिवस कमी तर कमी, घर किती दिवस उघडं टाकायचं?” हे माझे शब्द. वर आम्हीच काटछाट करून त्याच्या तीन रात्री केल्या!

लिमा ही पेरूची राजधानी समुद्रकाठी आहे. तिथून सकाळच्या विमानाने सव्वा-दीड तासात कुस्कोला उतरलो. वाटलं, वा, किती जवळ! दुपारी लगेच शहर पाहायला बाहेर पडलो, वरच्या किल्ल्यापर्यंत चढलो. ‘पैसे वसूल’ करायचे होते ना! संध्याकाळी ह्यांचं डोकं दुखायला लागलं. जेवण गेलं नाही. रात्री उलट्या सुरू झाल्या. दोनच्या सुमाराला पाहते तर हे पलंगावर उठून बसलेले, आणि बसल्याबसल्या धाप लागलेली. ओठ निळसर दिसत होते. परका देश, परकी भाषा, बाहेर कडाक्याची थंडी. त्या रात्री मला किती देव आठवले ते सांगत नाही.

हॉटेलवाल्यांनी डॉक्टर बोलावला. दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावला. पहाटेची माचू पिच्चूची आगगाडी निघून गेली, आत जाण्याचं तिकीट त्याच दिवसाचं होतं, तेही फुकट गेलं. पुढच्या दिवशी परतीचं विमान होतं. लिमाच्या समुद्राच्या हवेत उतरल्यावर हे काही तासांत माणसांत आले. माचू पिच्चू मात्र आम्ही पाहिलं नाही. एवढे लांब जाऊन, दाराशी पोचून परत आलो.

दोष ना डॉक्टरांचा, ना हॉटेलवाल्यांचा. दोष माझ्या दोन दिवसांच्या काटकसरीचा.

पहिले दोन दिवस डोंगराचे

कुस्को किती उंच आहे, माहीत आहे? सुमारे ३,४०० मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी कुस्को वरच उरतं! लेह-लडाखला जाऊन आलेल्यांना या उंचीची कल्पना असेल. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. विमानाने एका तासात वर गेलं तर शरीर बिचारं खालीच राहिलेलं असतं.

त्रास सुरू होतो तो पोचल्यावर सहा ते चोवीस तासांत. डोकं दुखणं, मळमळ, थकवा, झोप न लागणं ही त्याची लक्षणं. तिथेच थांबून विश्रांती घेतली, आणखी वर गेलं नाही, तर बहुतेकांना एक ते तीन दिवसांत आराम पडतो. पण बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर ‘सकाळी पाहू’ म्हणायचं नाही. लगेच डॉक्टर आणि लगेच खाली. या दुखण्याने माणसं दगावतात, हे मला परत आल्यावर कळलं. तरुण आणि धट्टीकट्टी माणसंही यातून सुटत नाहीत, बरं का. “मी रोज पाच मैल चालतो,” हे म्हणणं इथे कामाचं नाही.

म्हणून नियम पहिला: उंचावरच्या शहरातले पहिले दोन दिवस हिशेबात धरायचेच नाहीत. ते डोंगराचे. हळू चालायचं, हलकं जेवायचं, भरपूर पाणी प्यायचं. मद्य घेणाऱ्यांनी ते टाळायचं. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटून रक्तदाब, हृदय, दमा यांबद्दल मोकळेपणाने बोला. उंचीच्या त्रासासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी देतात, पण ती सगळ्यांना चालत नाही, तेव्हा शेजारणीचं ऐकून घेऊ नका.

तिथे पाहुण्याला कोकाच्या पानांचा चहा देतात. त्यांचा तो जुना रिवाज आहे. पण ती पानं किंवा चहाच्या पुड्या आठवण म्हणून पिशवीत टाकू नका. आपल्याकडे १९८५च्या कायद्यानुसार कोकाचं पान बाळगणं हा गुन्हा आहे.

आधी खालचं, मग वरचं

आमची ही कथा ऐकूनही माझी धाकटी नणंद पुढच्या वर्षी निघालीच. “वहिनी, तू चुकलीस तिथे मी चुकणार नाही,” म्हणाली. आम्ही दोघींनी वही घेऊन तिचे दिवस मांडले. तेच इथे देते.

कुस्कोच्या विमानतळावर उतरायचं, पण कुस्कोत राहायचं नाही! तिथूनच गाडी करून उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरायचं. उरुबांबा गाव सुमारे २,८७० मीटरवर, ओयांतायतांबो साधारण २,८०० मीटरवर. वाटेत रस्ता थोडा वर चढतो, पण आपण झोपतो किती उंचीवर, याला महत्त्व जास्त. त्या पाचसहाशे मीटरचा फरक शरीराला कळतो. इथे दोन रात्री काढायच्या.

ओयांतायतांबोहून आगगाडीने पावणेदोन तासांच्या आत माचू पिच्चूच्या पायथ्याचं गाव येतं. हे गाव तर जेमतेम २,०४० मीटरवर आहे. तिथे एक रात्र. सकाळी बसने वर. माचू पिच्चू २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोहून जवळजवळ एक हजार मीटर खाली! माचू पिच्चू कुस्कोच्याही वर असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो. नकाशावर उंची पाहिली असती तर सगळा प्रवास उलटा मांडला असता.

मग शेवटी कुस्को, तीन रात्री. तोवर शरीर रुळलेलं असतं. दोन, एक आणि तीन मिळून डोंगरात झाल्या सहा रात्री. जाताना लिमाला दोन रात्री ठेवायच्या, कारण पेरूचं घड्याळ आपल्यामागे साडेदहा तास. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे दहा. झोपेचा बोजवारा उडतो. परतताना लिमाला एक रात्र. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही, त्यामुळे जाण्यायेण्यात चारएक दिवस जातात. सगळं मिळून पंधरवडा.

शहराला तीन रात्री कशासाठी?

‘माचू पिच्चू झालं, मग कुस्कोत तीन रात्री कशाला?’ असं कुणी म्हणेल. मी तर कुस्को खिडकीतून आणि दवाखान्यातूनच पाहिलं. पण नणंदेने मन भरून पाहिलं.

एक दिवस शहराचा. स्पॅनिश लोकांनी १५३३ साली कुस्को जिंकलं आणि इंकांच्या भिंतींवरच आपल्या इमारती उभारल्या. सूर्यमंदिर कोरिकांचा पाडून त्यावर मठ बांधला. १९५०च्या भूकंपात मठाची बांधणी कोसळली आणि आतल्या इंकांच्या भिंती मात्र जागच्या जागी उभ्या दिसल्या. चुना नाही, माती नाही, नुसता दगडाला दगड बसवलेला. एका गल्लीत तर बारा कोनांचा एक दगड शेजारच्या दगडांत असा बसवलाय की सुई शिरायची नाही. मोठ्या देवळात, म्हणजे तिथल्या कॅथीड्रलमध्ये, येशूच्या शेवटच्या भोजनाचं एक चित्र आहे. मार्कोस सापाता या चित्रकाराचं, अठराव्या शतकातलं. त्यात ताटात चक्क तिथला गिनीपिग वाढलेला आहे! आपल्या घरचं ते देवाला, दुसरं काय!

संध्याकाळी चौकात बसावं. याच चौकात १८ मे १७८१ रोजी मिकाएला बास्तिदास या बाईला तिच्या नवऱ्यासह ठार मारण्यात आलं. नवरा तुपाक अमारू याने स्पॅनिश राजवटीविरुद्ध बंड केलं, तेव्हा फौजेचं धान्य, माणसं, पत्रं हे सगळं ही बाई सांभाळत होती. ‘वाटेत वेळ घालवू नका, आधी कुस्को गाठा,’ असा तिचा नवऱ्याकडे आग्रह होता. तो रेंगाळला आणि संधी गेली. कधी थांबायचं आणि कधी निघायचं, हे तिला नवऱ्याहून नेमकं कळत होतं.

दुसरा दिवस भोवतालच्या इंका अवशेषांचा. सॅक्सायवामान हा किल्ला शहराच्या वर, सुमारे ३,७०० मीटरवर आहे. आम्ही पहिल्याच दुपारी गेलो तो हाच! तो शेवटी ठेवा. इथल्या अवशेषांसाठी आणि संग्रहालयांसाठी एकत्रित तिकीट मिळतं, ते दहा दिवस चालतं. काही ठिकाणांपुरतं लहान तिकीटही असतं, पण ते एकदोन दिवसांचंच. म्हणजे बघा, तिकीट घेतानाही आधी दिवस ठरलेले हवेत. कॅथीड्रल आणि कोरिकांचा यांची तिकिटं निराळी.

तिसरा दिवस बाजाराचा, आणि हा चुकवू नका. सान पेद्रोच्या बाजारात नणंद बटाट्यांच्या राशीपुढे थबकली. पिवळे, जांभळे, काळे, वेडेवाकडे. बटाटा मूळचा या अँडीजचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावाही तिथलाच. रताळं, मिरची, राजगिरा सगळे अमेरिकेतून आलेले. राजगिऱ्याला तिथे किविचा म्हणतात, आणि त्याच्या लाह्यांच्या वड्या आपल्यासारख्याच विकायला असतात. मैत्रिणींनो, आपल्या एकादशीच्या ताटाचं माहेर ते! भगर तेवढी आपल्या बाजूची.

आणि वाळवण? तेही आहे. जून-जुलैत उंच माळावर रात्री बटाटे उघड्यावर पसरून गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला चुन्यो म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. आपण उन्हाच्या जोरावर बटाट्याचा कीस करतो, त्या बायका उन्हाबरोबर थंडीलाही कामाला लावतात.

शाकाहारी असाल तर एक सांगते. नुसतं ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, म्हणून भागत नाही. कोंबडी त्यात धरतीलच असं नाही. ‘सिन पोयो’ म्हणजे कोंबडी नको, ‘सिन पेस्कादो’ म्हणजे मासे नकोत, हे तिन्ही सांगा. उकडलेला मका-चीज, किन्वाचं सूप, बटाटे यांवर पोट भरतं.

उरुबांबाहून कुस्कोला येताना वाटेत चिंचेरो लागतं. तिथल्या बायका चातीवर लोकर कातून, झाडपाल्याच्या आणि किड्यांपासून काढलेल्या लाल रंगात रंगवून हाताने विणतात. चिंचेरोच्याच नील्दा कायान्याउपा यांनी ही कला टिकवण्यासाठी १९९६ साली कुस्कोत विणकरांचं केंद्र सुरू केलं. खरेदी करायचीच असेल तर अशा हातांची करा.

एक दिवस शिलकीत ठेवा

महिन्याच्या खर्चात आपण चार पैसे बाजूला ठेवतोच ना? तसा एक दिवस शिलकीत हवा. त्या भागात जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस फार. २०१० साली जानेवारीत पुराने रूळ वाहून गेले आणि हजारो प्रवासी माचू पिच्चूच्या पायथ्याशी अडकले. हेलिकॉप्टरने त्यांना काढावं लागलं. २०२३च्या सुरुवातीला आंदोलनांमुळे माचू पिच्चू काही आठवडे बंदच होतं. शेवटच्या दिवशी माचू पिच्चू आणि त्याच रात्री परतीचं विमान, असं कधीही मांडू नका. अति घाई संकटात नेई, हे घाटातल्या पाटीवर उगाच लिहिलेलं नसतं.

मे ते सप्टेंबर कोरडी हवा. दिवसा कडक ऊन, रात्री हाडं गोठवणारी थंडी, तेव्हा स्वेटर आणि टोपी दोन्ही हवीत. २४ जूनला कुस्कोत सूर्याचा मोठा उत्सव असतो, तेव्हा खोल्या मिळणं कठीण. माचू पिच्चूला रोज ठरावीक माणसांनाच, ठरलेल्या वेळीच सोडतात, म्हणून तिकीट काही महिने आधी काढावं आणि पासपोर्ट बरोबर ठेवावा.

दिवसांचाच आणखी एक हिशेब. पेरूहून भारतात परतणाऱ्यांकडे पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि घराचं काय?

आता मूळ दुखणं. आपण दिवस कापतो ते पैशासाठी थोडे आणि घरासाठी जास्त. ‘माझ्यावाचून अडेल’ ही भीती. खरं सांगू? त्या भीतीत थोडा अभिमानही असतो.

आम्ही परत आलो. मी चपला काढतच स्वयंपाकघरात शिरले. दूध तापवलेलं होतं. तुळशीला पाणी घातलेलं होतं. सासूबाईंच्या गोळ्यांच्या डबीतले शनिवारपर्यंतचे कप्पे बरोबर रिकामे होते. थोरल्या सुनेने आणि शेजारच्या काकूंनी मिळून सगळं चालवलं होतं. मी सासूबाईंना झाली हकिगत सांगितली, आणि तुमच्या काळजीने दोन दिवस कमी केले होते, हेही सांगितलं.

त्यांनी लेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “दोन दिवसांनी माझं काय अडणार होतं गं? मला विचारलं तरी होतंस का?”

नव्हतं विचारलं. दुधवाल्याला विचारलं, मोलकरणीला विचारलं, ज्यांच्यासाठी दिवस कापले त्यांनाच तेवढं विचारलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या प्रवासाची वही उघडाल तेव्हा क्रम बदला. आधी शरीराला लागतील ते दिवस लिहा. मग त्या गावाचे. मग शिलकीचा एक. बेरीज आली की घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि विचारा, “इतके दिवस तुमचं कसं चालेल?” ‘चालेल का’ असं विचारू नका, ‘कसं चालेल’ असं विचारा. आणि बेरीज खरोखरच जमत नसेल, तर कापाकापी करण्यापेक्षा यंदा जवळचं एखादं ठिकाण पाहावं. डोंगर कुठे पळून जात नाही.

ह्यांनी परवा वही काढली आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘डोंगरात सहा रात्री’. त्याखाली मी एक वाढवून सात केल्या. डॉक्टरांनी होकार दिला तर पुढच्या मे महिन्यात निघू. या वेळी सासूबाईंना मी आधी विचारलं. त्या म्हणाल्या, “जा. येताना तो राजगिरा आण.”